यिडिश, चोलंट आणि नॉनशलंट

प्रश्न असा आला आहे: ‘यिडिश म्हणजे हिब्रूचीच बोली ना? आपल्या अलिबागकडच्या ज्यूंचीही तीच भाषा असेल? आणि तिच्यात वाचण्यासारखं काही आहे का?’

पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींची प्रार्थना हिब्रूत आणि मायबोली मराठी. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची. लिपी हिब्रू म्हणून भाषाही हिब्रू, हे ऐकून ऐकून मी वैतागलो आहे. नेपाळी देवनागरीत लिहितात, म्हणून तिला मराठीची बोली म्हणायचं का?

यिडिश साधारण हजार वर्षांपूर्वी जर्मन मुलखात घडली. तारखेनिशी सापडलेलं तिचं सर्वात जुनं वाक्य जर्मनीतल्या वर्म्स गावच्या १२७२ सालच्या एका प्रार्थनापोथीत आहे. एका हिब्रू शब्दाच्या ठसठशीत अक्षरांमधल्या पोकळीत कुणीतरी बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय: ही पोथी जो सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) वाहून नेईल त्याला चांगला दिवस लाभो. त्यातले ‘पोथी’ आणि ‘सिनेगॉग’ हे शब्द हिब्रू, बाकी सगळं जर्मन वळणाचं.

आता हे साधं वाक्य बघा: ‘दी बोबे लेयेंट अ मायसे’, आजी गोष्ट वाचते. ‘बोबे’ स्लाव्ह (रशियन-पोलिश घराण्यातला), ‘मायसे’ हिब्रू, ‘दी’ आणि ‘अ’ जर्मन. आणि ‘लेयेंट’? जर्मनमध्ये वाचणं म्हणजे ‘लेझेन’, पण हे क्रियापद थेट त्यातून आलेलं नाही. ते लॅटिन ‘लेगेरे’पासून, जुन्या फ्रेंच-इटालियन बोलींतून आलं. जेवणानंतरची प्रार्थना म्हणणं, आशीर्वाद देणं याला यिडिशमध्ये ‘बेंचन’ म्हणतात. तेही लॅटिन ‘बेनेडिसेरे’चंच रूप. म्हणजे जर्मन मुलखात स्थिरावण्याआधी यांतले बरेच लोक फ्रेंच-इटालियन धाटणीचं काहीतरी बोलत होते, आणि त्यांनी त्यातले नेमके देवघरातले शब्द जपून ठेवले.

स्वयंपाकघरातलाही एक जपला, आणि माझा जीव अडकलाय तो त्यात: चोलंट. (यातला च चिंचेतला, चोरातला नव्हे.) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागतो आणि चूल पेटवता येत नाही. म्हणून घेवडा, जव, मांस आधीच भांड्यात घालून, झाकण पक्कं बंद करून ते बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी दुपारी गरम गरम खायचं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘शालुआर’ या क्रियापदाचा मूळ अर्थ गरम असणं, लॅटिन ‘कालेरे’वरून; त्याचं धातुसाधित ‘चालांत’. तेच हे चोलंट. गंमत पुढे आहे. ‘धग लागणं’वरून त्या क्रियापदाचा अर्थ ‘पर्वा वाटणं’ असा सरकला आणि नकार लावून झालं नॉनशलंट: ज्याला कशाचीच झळ लागत नाही तो! शब्बाथचं भांडं आणि आपल्या कॉलेजकुमारांचा आवडता इंग्रजी शब्द एकाच चुलीवरचे.

काहीजण ठामपणे सांगतात की चोलंट म्हणजे फ्रेंच ‘शो’ आणि ‘लाँ’, गरम आणि सावकाश. साफ चूक. कुठल्या गृहिणीने भांड्याला अशी दोन विशेषणं जोडून नाव दिलंय? ‘शूल-एंडे’, म्हणजे सिनेगॉग सुटल्यावरचं जेवण, ही व्युत्पत्ती तर त्याहून कच्ची. उच्चारच साक्ष देतो. फ्रेंचमधल्या ‘च’चा ‘श’ तेराव्या शतकात झाला. यिडिशमध्ये तो ‘च’च राहिला, म्हणजे शब्द त्याआधी उचललेला. सिनेगॉगपेक्षा हे भांडंच मला जास्त विश्वासू साक्षीदार वाटतं.

भाषातज्ज्ञ पॉल वेक्सलर मात्र म्हणतात, यिडिश मुळात स्लाव्ह भाषा, वरून जर्मन शब्दांचा मुलामा. मला हे अजिबात पटत नाही. ‘लेयेंट’चा शेवटचा ट पाहा. शब्द लॅटिन घराण्यातला, प्रत्यय जर्मन. क्रियापद चालवायचा प्रत्यय ज्या भाषेचा, सांगाडा त्या भाषेचा. उसन्या शब्दांवरून कूळ ठरवायचं तर निम्मी मराठी फारसी ठरेल.

हां, साहित्य. मेंडेले मोयखेर स्फोरिम यांनी १८६४मध्ये आधुनिक यिडिश कथेचा पाया घातला, मग शोलेम अलेखेम आणि यित्झखोक लेयबुश पेरेट्झ आले. शिकलेले ज्यू तोवर या भाषेला ‘झार्गोन’, म्हणजे गावंढळ भेसळ, म्हणून नाक मुरडत. १९०८मध्ये चेर्नोवित्झला (आज युक्रेनमध्ये) भरलेल्या यिडिश भाषा परिषदेने तिला ज्यूंची एक राष्ट्रीय भाषा म्हटलं. दुसऱ्या महायुद्धाआधी एक कोटीहून जास्त लोक ती बोलत. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये बहुसंख्य यिडिशभाषकच होते. १९७८चं नोबेल मिळवणाऱ्या आयझॅक बाशेविस सिंगर यांच्याबद्दल ‘हिब्रू लेखक’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ते यिडिशमध्येच लिहीत. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्गमध्ये हसिदी (कर्मठ धार्मिक पंथाच्या ज्यू) घरांतली मुलं आजही यिडिशमध्येच भांडतात. वाचायला सुरुवात पेरेट्झच्या छोट्या कथांपासून करा, इंग्रजीत सहज मिळतात.