टायर घासला नाही, पण म्हातारा झालाय का?

साइड व्हीलच्या स्कूटरी (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलेल्या) आणि ट्राइक (तीन चाकांच्या मोटरसायकली) यांच्या टायरांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. दोन्ही प्रकारच्या गाड्या वळणावर कलत नाहीत आणि बहुतेकांच्या फार पळतही नाहीत. त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाला येईल.

प्रश्न (अकोला) : बाबांच्या अ‍ॅक्टिव्हाला २०१७ मध्ये दोन्ही बाजूंना साइड व्हील बसवून घेतली. गाडी आजवर जेमतेम ९,००० किलोमीटर फिरली आहे. चारही टायर तेव्हाचेच आहेत, नक्षी नव्यासारखी दिसते. बाजूच्या भिंतीवर मात्र बारीक भेगा आल्या आहेत. पंक्चरवाला म्हणतो, गोटी (नक्षी) शाबूत आहे तर बदलायचं कशाला? काय करावं?

बदला, आणि चारही बदला. पंक्चरवाला किलोमीटरच्या हिशेबाने बोलतो आहे. रिक्षाच्या टायरला तो हिशेब बरोबर लागतो, कारण रिक्षाचा टायर म्हातारा होण्याआधीच गुळगुळीत होतो. वर्षाला हजारभर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा टायर घासून मरत नाही, तो वाळून मरतो.

टायरच्या रबरात भेगा रोखणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना टायरची भिंत दर फेरीला दबते, सुटते, आणि हे मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते फारसं येत नाही. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर पहिला घाव घालतो, म्हणून भेगा आधी दिसतात त्या जमिनीजवळ फुगलेल्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी. त्यात अकोल्याचं ऊन. उष्णतेने रबर कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही. नक्षी कितीही खोल असली तरी हा फरक भरून निघत नाही. आतल्या नायलॉनच्या धाग्यांना रबर जिथे चिकटलेलं असतं तिथली पकडही सैल होते, आणि ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

भेगा तपासायच्या तर गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवा. चार जागा बघा : रिमलगतची भिंत, नक्षी आणि भिंत जुळते तो खांदा, खाचांचा तळ, आणि व्हॉल्व्हचं बूड. व्हॉल्व्ह बोटाने थोडा वाकवा, बुडाशी चीर उघडली तर तोही गेला. केसासारखी भेग, जिच्यावर नख अडकत नाही, ती चार वर्षांच्या टायरवर चालून जाईल. नख अडकलं तर टायर बदलायचा. आत धागा दिसला किंवा कुठे फुगा आला असेल, तर त्या टायरवर दुकानापर्यंतही जाऊ नका, चाक काढून न्या.

वयाची आमची मोजपट्टी अशी : पाच वर्षांपर्यंत फक्त हवा आणि भेगा बघत राहा. पाचनंतर दर पावसाळ्याआधी चाक काढून आतबाहेर तपासा. सहा-सात वर्षांनी बदला. दहा वर्षं ही बहुतेक टायर कंपन्या सांगतात ती शेवटची हद्द आहे, आणि ती सावलीत, नीट हवेवर ठेवलेल्या टायरची. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने तिच्यावर हक्क सांगू नये.

पैसे एकदम जमत नसतील तर आधी पुढचा. साइड व्हीलच्या गाडीचा मधला मागचा टायर बसला तर गाडी बाजूच्या चाकांवर तोलून राहते, एका बाजूचा बसला तर गाडी त्या अंगाला झुकते आणि तिकडे ओढते, पण पुढचा फुटला तर हँडलच हातात राहत नाही. पुढच्यानंतर साइडची जोडी, आणि मधला शेवटी. पण 'शेवटी' म्हणजे पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी नव्हे.

प्रश्न (पुणे) : नवा म्हणून घेतलेल्या टायरवर अंडाकृती चौकटीत ३४२३ असा आकडा आहे. दुकानदार म्हणतो तो बॅच नंबर आहे. खरं काय?

तो जन्मदाखला आहे. पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष : २०२३ चा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध. हा आकडा बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. दिसला नाही तर दुसरी बाजू बघा. साइड व्हीलला ती बाजू नेमकी आत जाते, म्हणून बसवण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे आणि त्याबद्दल आणखी काही बोलायला नको.

गोदामात अंधारात, ऊन न लागता ठेवलेला टायर वर्षभराचा असला तर कुरकुर करू नये. दोन वर्षांच्या आतला रोज धावणाऱ्या गाडीला चालतो. कमी फिरणाऱ्या गाडीला मात्र आम्ही सहा महिन्यांच्या आतलाच मागून घेऊ, कारण तुमची गाडी किलोमीटर खात नाही, वर्षं खाते, आणि त्यातली दोन दुकानदाराने आधीच खाल्लेली असतात. भावात सूट मिळाली तरी तीन वर्षांपुढचा घेऊ नका.

प्रश्न (सांगली) : साइड व्हीलचे टायर चार हजार किलोमीटरमध्ये बाहेरच्या कडेने साफ गुळगुळीत झाले, आतली बाजू मात्र जवळपास नवी. दोन वेळा बदलले, पुन्हा तेच. टायरच हलके मिळताहेत का?

टायरचा दोष नाही, चाकांचं तोंड आत वळलेलं आहे, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे झुकल्या आहेत. दुचाकीचा टायर गोलाकार असतो, कारण ती कलते. तोच टायर साइड व्हीलला लावला की त्याला कलणं माहीतच नसतं, मग नक्षीचा पट्टा तिरका बसला असेल तर तो एकाच जागी घासत राहतो. हिशेब करून बघा. ९०/१००-१० या मापाच्या टायरचा व्यास साधारण ४३४ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या कडेत चाक फक्त ४ मिलिमीटर तिरकं असलं, तर दर किलोमीटरला ते सुमारे ९ मीटर आडवं खरवडलं जातं. चार हजार किलोमीटरमध्ये हेच छत्तीस किलोमीटर झाले. असा आडवा ओढलेला टायर टिकेल कसा?

खात्री करायला तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना खवणीसारखं टोचलं, तर तोंड आत आहे. उलट लागलं तर तोंड बाहेर, आणि तेव्हा आतली कड घासते. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं पण एकच कड गेली असेल, तर चाक उभ्यात तिरकं आहे. तिथे ब्रॅकेटचा (साइड व्हील धरणाऱ्या सांगाड्याचा) दांडा वाकलेला असतो किंवा बुश (सांध्यातली नळी) गेलेला असतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हवा बरोबर भरा, आणि नेहमी चालवणाऱ्या माणसाला सीटवर बसवा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप खोटं निघतं, कारण वजन आलं की ब्रॅकेट थोडा उघडतो. दोन्ही साइड व्हीलच्या मधलं अंतर आसाच्या उंचीवर एकदा पुढच्या कडेला आणि एकदा मागच्या कडेला मोजा. रिमच्या कडेवरून मोजा, टायरवरून नको. पुढचं अंतर कमी भरलं तर तोंड आत. दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. मग मधल्या चाकाला समांतर दोरी ताणून दोन्ही बाजूंचा फरक वेगवेगळा बघा, नाहीतर एका चाकाची चूक दुसऱ्यावर दुरुस्त केली जाते आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

सुधारणा ब्रॅकेटच्या यू-क्लॅम्पवर होते : नट सैल करून दांडा सरळ करायचा, जिथे खाच नाही तिथे पातळ पत्र्याची चकती घालायची. आधी बेअरिंग बघा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं, तर बेअरिंग बदलल्याशिवाय घेतलेलं कुठलंही माप दुसऱ्या दिवशी चुकतं. नट आवळल्यावर शंभर किलोमीटरने पुन्हा आवळा, वेल्डिंग केलेल्या किटचे क्लॅम्प बसतातच.

उंचीही तेव्हाच जुळवा. साइड व्हील फार खाली असली तर मधलं चाक उचललं जातं आणि पावसात चढावर जागेवरच फिरतं. फार वर असली तर गाडी डुलते. नव्या आणि घासलेल्या टायरच्या उंचीत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून साइडचे टायर नेहमी जोडीने बदलावेत आणि मधला बदलला की उंची पुन्हा तपासावी. हे कोणी करत नाही, आणि मग 'नवा टायर टाकल्यापासून गाडी डुलते' अशी पत्रं येतात.

प्रश्न (मिशिगन, अमेरिका) : माझ्याकडे २०१४ ची हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड ट्राइक आहे. पुढचा टायर दोनदा बदलला. मागचे दोन मूळचेच आहेत, नक्षी ५/३२ इंच शिल्लक. हिवाळ्यात पाच महिने गाडी गॅरेजमध्येच असते. मागचे अजून चालवावेत का?

नाही. तुमचे मागचे टायर २०५/६५ आर १५ मापाचे, म्हणजे कारच्या घडणीचे आहेत. कारच्या मानाने त्यांच्यावर फार थोडं वजन येतं, म्हणून ते झिजतच नाहीत आणि माणूस त्यांना विसरून जातो. मोटारगाड्यांचे अनेक उत्पादक सहा वर्षांनी बदला म्हणतात, टायर कंपन्या दहाच्या पुढे जाऊ देत नाहीत. तुमचे टायर दोन्ही हद्दी ओलांडून गेले आहेत.

हलक्या गाडीखालच्या रुंद टायरचा आणखी एक तोटा असा की तो पाण्यावर लवकर तरंगतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कायदा २/३२ इंचाला थांबवतो, पण ट्राइकला ४/३२ वरच थांबा. पंचवीस सेंटचं नाणं उलटं खाचेत घालून वॉशिंग्टनच्या डोक्याला नक्षी टेकते का, ते बघितलं की पुरे.

टायरच्या भिंतीवर छापलेला हवेचा दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचा दाब नव्हे. तेवढी हवा भरली तर हलक्या ट्राइकवर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, मध्ये झिजतो आणि ब्रेक लावला की घसरतो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच धरा. पुढच्या टायरची गोष्ट उलटी : ट्राइक कलत नसल्याने वळणावर तो आडवा ढकलला जातो आणि दोन्ही खांद्यांवर घासतो. मध्ये भरपूर नक्षी दिसते म्हणून फसू नका. हळू वेगात हँडल थरथरायला लागलं तर दुसरं काही उघडण्याआधी हवा आणि पुढचे खांदे बघा.

हिवाळ्यासाठी तिन्ही चाकं स्टँडवर उचलून ठेवा. बॅटरी चार्जर, वेल्डिंग मशीन किंवा हीटरची मोटर त्याच कोपऱ्यात नको, त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

प्रश्न (रत्नागिरी) : टायर पॉलिश लावल्याने भेगा थांबतात का?

झाकतात. काही पॉलिशमधले द्रव रबरातलं मेण उलट धुऊन काढतात. साबणाच्या पाण्याने धुवा, वर गोणपाट टाका. नक्षीच्या पट्ट्यावर पॉलिश लागलं तर घसराल, ते वेगळंच.

प्रश्न (लातूर) : आमच्या साइड व्हीलला दोन पाकळ्यांची (नटांनी जोडलेल्या दोन भागांची) रिम आणि ट्यूब आहे. टायर बदलताना काय सांभाळावं? आणि कायद्याने नक्षी किती हवी?

कायद्याचं आधी : केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, इतर गाड्यांना १.६. आम्ही तुम्हाला दोनवर बदला म्हणू.

पाकळ्यांची रिम खोलताना आधी व्हॉल्व्हमधली पिन पूर्ण काढून हवा सोडा, टायर हाताने दाबून रिकामा झाल्याची खात्री करा, मगच नटांना पाना लावा. हवा आत असताना पाकळ्या सुटल्या तर त्या उडतात आणि हात मोडतात. गाडीला चाक धरणारे नट आणि पाकळ्या जोडणारे नट वेगळे असतात. घाईत नेमके चुकीचे सोडले जातात. पाकळ्यांच्या आतला गंज पॉलिश पेपरने काढा, नाहीतर ट्यूब तिथेच कापली जाते. नव्या टायरला नवीच ट्यूब घ्या : जुनी फुगून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर लावा, थोडी हवा भरून गोल करा, मग पाकळ्या जुळवा आणि नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच चाक चढवा.

हवा थंड टायरमध्ये, सकाळी भरा. दर दहा अंश तापमानामागे दाब साधारण दीड पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) वाढतो, म्हणून लातूरच्या मे महिन्यात दुपारी मोजून 'जास्त झाली' म्हणत सोडलेली हवा रात्री कमी पडते. पहिले दीडशे किलोमीटर ब्रेक आणि वळण दोन्ही बेताने घ्या, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर तेवढ्यात जातो.