आकृतीतल्या शेवटच्या दोन ओळी

प्रिय पोरी,

परवा रंकाळ्यावर भेटलीस आणि चालता चालता म्हणालीस, "सर, गुरुवारी जर्नल क्लबला माझा नंबर आहे. पीपीटी झाली, आता फक्त पाठांतर राहिलंय." तो 'पाठांतर' शब्द घरी येईपर्यंत डोक्यात वाजत राहिला. सोबत तुझ्या मैत्रिणी होत्या, म्हणून तिथं काही बोललो नाही.

आधी माझी फजिती ऐक. एम.एस्सी.ला असताना मी जर्नल क्लबात, म्हणजे छापून आलेला एखादा संशोधनाचा पेपर एकानं वाचून बाकीच्यांना समजावून सांगायचा त्या बैठकीत, पहिल्यांदा पेपर सांगायला उभा राहिलो. गोषवारा तोंडपाठ, निष्कर्ष तोंडपाठ. एका आलेखावर बोट ठेवून ऐटीत म्हणालो, "इथं जिवाणूंची संख्या तीनवरून साडेचारवर गेली, म्हणजे दीडपट झाली." मागून एका सिनियरनं शांतपणे विचारलं, "उभा अक्ष वाच की जरा." तो अक्ष लॉगचा होता, म्हणजे त्यावर एक अंक वाढला की संख्या दहापट. तीन म्हणजे हजार आणि साडेचार म्हणजे तीस हजारांच्या वर. तीसपटीहून मोठी वाढ मी दीडपटीत गुंडाळली होती. पाठ केलेल्या वाक्यांत अक्ष कुठंच नव्हता, त्याला मी काय करणार?

पेपर मात्र तू झकास निवडलायस. मेसेलसन आणि स्टाल, १९५८. त्यातली मेख अशी की बारावीच्या पुस्तकामुळं सगळ्यांना शेवट ठाऊक असतो. डीएनएची नक्कल होताना एक धागा जुना, एक नवा, संपलं. शेवट ठाऊक असलेली कुस्ती सांगायची तर डाव सांगावे लागतात. खासबाग मैदानात निवेदक 'अमका जिंकला' एवढंच बोलून माईक खाली ठेवत नाही. पट कुणी काढला, घिस्सा कसा बसला, समोरचा त्यातून का निसटू शकला नाही, हे तो सांगतो, तेव्हा वरच्या पायरीवरच्या माणसालाही कुस्ती दिसते. तुझं काम तेच आहे. निकाल गोषवाऱ्यात छापलेला आहेच, तो ज्याचा त्यानं वाचावा.

आता डाव. या दोघांनी जिवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर, १४ पिढ्या वाढवले, त्यामुळं त्यांचा डीएनए जड झाला. मग एकदम साधा नायट्रोजन-१४ दिला, ठरावीक वेळानं थोडे थोडे जिवाणू काढून घेतले आणि त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी २० तास फिरवला. इथं घाईनं पुढं जाऊ नकोस. निम्म्या वर्गाला हा भाग समजत नाही आणि तसं सांगायचं धाडस होत नाही. हवं तर गुऱ्हाळाचा दाखला दे. काहिलीत रस तापला की मळी वर येते, तसं हलकं वर नि जड खाली. पण दाखला कुठं मोडतो तेही लगेच सांग. नळीत डीएनए नुसता वर येत नाही की तळाला बसत नाही. फिरवल्यामुळं सीझियमचा क्षारच एका टोकाकडं दाट आणि दुसऱ्या टोकाकडं विरळ होतो, आणि डीएनए आपल्या घनतेची जागा सापडेल तिथं, मधेच, थांबतो. म्हणून त्याचा पट्टा दिसतो. दाखला देऊन तसाच सोडला की तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात सिद्धान्त होऊन बसतो. मी अशी पोरं पाहिलीत.

मग आकृतीकडं वळ आणि निकाल दाखवायच्या आधी वर्गाला बोलतं कर. नक्कल होण्याच्या तीन शक्यता फळ्यावर लिही. जुना रेणू अख्खा राहतो आणि नवा अख्खा बनतो. किंवा निम्मा-निम्मा. किंवा जुन्याचे तुकडे सगळीकडं विखुरतात. विचार, एका पिढीनंतर प्रत्येक शक्यतेत पट्टे कुठं दिसतील? कुणीतरी चुकेलच, चुकू दे. मग १.० ची, म्हणजे एका पिढीनंतरची, ओळ दाखव. एकच पट्टा, मधे. जुना रेणू अख्खा राहिला असता तर जड आणि हलका असे दोन पट्टे दिसले असते. पहिली शक्यता चितपट. तिसरी अजून उभी आहे, हे मात्र ठासून सांग, कारण पोरं इथंच टाळ्या वाजवून मोकळी होतात. मग १.९ ची, म्हणजे जवळजवळ दोन पिढ्यांनंतरची, ओळ. दोन पट्टे, एक मधला आणि एक हलका. सगळे तुकडे विखुरले असते तर एकच पट्टा हळूहळू हलक्याकडं सरकला असता. आता तिसरीही गेली.

तुझ्या पीपीटीत ही आकृती खालून कापली आहे, मोबाईलवर दाखवलीस तेव्हाच दिसलं. शेवटच्या दोन ओळी गायब. मूळ पेपरात त्या आहेत. एकीत शून्य पिढीचा आणि १.९ पिढीचा डीएनए मुद्दाम एकत्र केलाय, दुसरीत शून्याचा आणि ४.१ चा. 'कंटाळवाण्या वाटल्या' म्हणून कापल्यास ना? अगं, सगळा पेपर त्या दोन ओळींवर उभा आहे. मधला पट्टा 'मधे' आहे हे कशावरून? वेगवेगळ्या फोटोंतून अंदाजानं? त्यांनी जड, मिश्र आणि हलका असे तिन्ही एकाच फोटोत आणले आणि मधला बरोबर मध्यावर येतो हे मोजून दाखवलं. कंट्रोल, म्हणजे निकाल पडताळायला मुद्दाम ठेवलेला तुलनेचा नमुना, कसा असावा ते इथं शिकायला मिळतं. गुरुवारी या दोन ओळींवर पाच मिनिटं गेली तरी चालतील. डीएनएचं दुहेरी मळसूत्र मांडणाऱ्या वॉटसन-क्रिकची ओळख, नोबेल, फोटो वगैरेवर अर्धं मिनिटसुद्धा घालवू नकोस.

आणखी एक जागा आहे जिथं सगळे घसरतात. 'यांनी सिद्ध केलं की डीएनएचे दोन धागे सुटतात,' असं तू लिहिलंयस. पेपर परत वाच. त्यांनी 'उपघटक' असा शब्द वापरलाय आणि ते उपघटक म्हणजेच दुहेरी मळसूत्राचे दोन धागे असा दावा करताना हात आखडता घेतलाय. जितकं दिसलं तितकंच बोलले. तूही तितकंच बोल.

उलट बाजूचं उदाहरण कुणी मागितलं तर डिसेंबर २०१० चं आर्सेनिकवाल्या जिवाणूचं प्रकरण सांग. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जिवाणू डीएनएत फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, असा दावा 'सायन्स'मध्ये आला. रोझी रेडफिल्डबाईंसारख्यांनी साधे प्रश्न विचारले. जिवाणू वाढवायच्या द्रवात फॉस्फेटचा अंश शिल्लक होता का? डीएनए नीट धुतला का? २०१२ साली त्याच 'सायन्स'मध्ये दोन पेपर दाव्याच्या विरोधात छापून आले, आणि २०२५ मध्ये नियतकालिकानं मूळ पेपर मागं घेतला. लबाडीचा आरोप नव्हता, लेखकांना तो निर्णय मान्यही नव्हता. मोठ्या नियतकालिकाच्या नावानं दबून जाऊ नये, एवढ्यापुरतंच हे सांगतोय. ऊठसूट प्रत्येक पेपरात खोट काढायची फॅशनही आहे, तीही मला आवडत नाही.

पुढच्या खेपेला नवा पेपर घेशील तेव्हा एरर बारखाली, म्हणजे आलेखातल्या चढउतार दाखवणाऱ्या उभ्या रेघांखाली, काय लिहिलंय ते आधी बघ. प्रमाण विचलन (मोजमापं किती पसरलीत ते) की प्रमाण त्रुटी (सरासरी किती डळमळीत आहे ते)? नमुने नऊ असतील तर त्रुटीची रेघ विचलनाच्या रेघेच्या एक तृतीयांश होते, आणि तोच विदा, म्हणजे डेटा, एकदम देखणा दिसायला लागतो. शिवाय 'एन बरोबर तीन', म्हणजे नमुने तीन, याचा अर्थ तीन वेगळ्या वाढी की एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन नळ्या, हेही शोध. ते बहुतेक वेळा बारीक टायपात असतं.

इंग्रजीची धास्ती काढून टाक. आपण कोल्हापूरकर एरवी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो आणि इंग्रजी सुरू झालं की आवाज नळीत अडकतो. रेप्लिकेशनला रेप्लिकेशन म्हण, बाकी मराठीत सांग. आणि एखादा प्रश्न नाहीच आला, तर "हे मला कळलं नाही, मेथड्समध्ये, म्हणजे पेपरातल्या पद्धतीच्या भागात, बघून सांगते" म्हण आणि खरंच बघून सांग. १८७५ साली मॉन्ट्रियलमध्ये विल्यम ऑस्लरनं जर्नल क्लब काढला तो एकट्याला न परवडणारी नियतकालिकं मिळून घेण्यासाठी. आता पेपर मोबाईलवर मिळतो, पण वेळ कुणाला परवडत नाही. तू त्या खोलीतल्या सगळ्यांच्या वतीनं वाचतेयस.

बुधवारी रात्री घरी आईला किंवा काकूला बसवून एकदा मोठ्यानं सांग. त्यांनी जिथं "म्हणजे काय?" विचारलं तिथं स्लाईड बदल, त्यांना नको बदलू.

प्रोजेक्टरवर त्या फोटोतल्या पट्ट्या फिक्या पडणार, खिडकीचा उजेड थेट पडद्यावर येतो. म्हणून आकृतीच्या झेरॉक्स काढून आण, शेवटच्या दोन ओळींसकट. मी मागच्या बाकावर असेन. त्या ओळींबद्दल कुणी विचारलं नाही, तर मी विचारीन.

तुझा,
सर