दहाव्या नंबरवर कोण जाणार?

चि. कप्तानास सप्रेम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज पोचला. जर्सीचा रंग ठरला, लोगोत वाघ घ्यायचा की सह्याद्री यावर भांडण झालं, ग्रुपचं नाव बदलून पुन्हा पहिलंच ठेवलं. उत्तम. नव्याचे नऊ दिवस मजेत जाऊ देत. शेवटच्या ओळीत तू हळूच विचारलंस, 'काका, क्रिकेटची टीम टिकवायची कशी?' त्याचं उत्तर फोनवर टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा जायचा, म्हणून हे पत्र.

मित्रांची टीम हरण्यामुळे मोडत नाही. सतत मार खाणाऱ्या आणि तरी वर्षानुवर्षं रविवारी पहाटे हजर असणाऱ्या टीम पुण्याच्या आसपास कितीतरी आहेत. टीम मोडते ती बॅटिंगला दहाव्या नंबरवर जाणाऱ्या माणसापाशी. तो कोण, तुला ठाऊक आहे. पहाटे साडेपाचला उठतो, कोथरूडहून दोघांना आणि किटबॅगला गाडीत घालून वाघोलीच्या पुढच्या मैदानावर आणतो. वर्गणी तुझ्याइतकीच देतो. मग वीस ओव्हर फाइन लेगला, म्हणजे विकेटकीपरच्या मागे लांब बाउंड्रीजवळ, उभा राहतो, प्रत्येक ओव्हरनंतर समोरच्या फाइन लेगला चालत जातो. बोलिंग त्याला मिळत नाही, कारण 'मॅच टाइट आहे'. बॅटिंग आली तर शेवटच्या ओव्हरचे दोन बॉल, नाहीतर तीही नाही. आणि आपली बॅटिंग चालू असताना अंपायर कोण? तोच. स्कोअर कोण लिहितं? तोच. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपल्याकडे कायम एकच माणूस ठेवलेला असतो.

तो भांडत नाही, हीच खरी पंचाईत. नोव्हेंबरात त्याच्या घरी पाहुणे येतात, डिसेंबरात ऑफिसचं काम निघतं, जानेवारीत तो मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही. मग शनिवारी रात्री अकरा वाजता तू कोणाच्या तरी मेव्हण्याला फोन लावत बसतोस. असे दोन रविवार गेले की समोरची टीम तुमच्याशी मॅच घ्यायला कां-कूं करते. अर्धं ग्राउंडचं भाडं तीही भरते, तिने नऊ जणांशी का खेळावं?

म्हणून जर्सी छापायला टाकण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसव आणि एवढंच ठरव: प्रत्येक रविवारी प्रत्येकाला काहीतरी करायला मिळेल. बॅटिंग किंवा बोलिंग, दोन्हींपैकी एक नक्की. हे तत्त्व म्हणून सगळ्यांना पटतं. पटत नाही ते अठराव्या ओव्हरला. त्यामुळे नियम असा हवा की त्या वेळी तुला विचार करावाच लागू नये.

बोलिंगचं सोपं आहे. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये एकाला चार ओव्हर दिल्या की पाच जणांत काम संपतं. फ्रेंडली मॅचला तीनच ओव्हरची मर्यादा घाल. म्हणजे तुला किमान सात बोलर लागतील, आणि सहावा-सातवा शोधताना तुझ्याच लक्षात येईल की ज्याला तू 'फिल्डर' म्हणत होतास तो बरा ऑफस्पिन टाकतो. बॅटिंगचं कठीण, कारण तिथे अहंकार असतो. चाळीस रन झाले की निवृत्त व्हायचं, असं दोन्ही कप्तानांनी टॉसच्या आधी बोलून घ्यावं. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे आजारपण किंवा दुखापतीशिवाय निवृत्त झालेल्याला पुन्हा यायचं तर समोरच्या कप्तानाची संमती लागते. तीही तेव्हाच मागून ठेव, म्हणजे पुढे सगळे लवकर गेले तर चाळीसवाला परत येऊ शकेल. तुझा ओपनर कुरकुर करेल. करू दे. त्याला शतकाची एवढी हौस असेल तर स्पर्धा आहेत की. तिथे सगळ्यात चांगले अकरा उतरव आणि ते आधीच जाहीर कर. फ्रेंडली आणि स्पर्धा यांची सरमिसळ झाली की कोणाला कधी राग यावा याचाही हिशेब राहत नाही.

अंपायरिंग आधी बाद झालेल्यांनी करायचं. पहिले दोन बाद झाले की पॅड सोडून, पाणी पिऊन थेट आत. रागाच्या भरात उभे राहतील आणि पहिल्या दहा मिनिटांत दोन वाईड जास्त देतील, पण दहाव्या नंबरचा माणूस पॅड बांधून शांत बसलेला असेल. या एका बदलाने जेवढं वातावरण सुधारतं तेवढं शंभर पिझ्झांनी सुधारत नाही.

तू म्हणशील, काका एवढ्याशा गोष्टीचं फार करतात. पण बॅटिंग मानाची आणि बाकी सगळी हमाली, ही समजूत आपल्या शहरात फार जुनी आहे. पालवणकर बाळू तरुणपणी इंग्रजांच्या पूना क्लबात मैदानाची कामं करायचे आणि साहेबांना नेटमध्ये तासन् तास डावखुरी फिरकी टाकायचे. त्यांना बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं ते बोलिंगसाठी, आणि चहा मात्र पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. ते चांभार होते, म्हणून. याच बाळूंच्या बोलिंगवर १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना मुंबईत हरवलं. तुमच्या ग्रुपमधल्या रुसव्याची या अन्यायाशी बरोबरी मी करत नाही, तो विषयच वेगळा आणि कितीतरी मोठा आहे. पण नेटमध्ये कोण कोणाला बोलिंग टाकतंय आणि बॅट कोणाच्या हातात परत जात नाहीये, हे बघण्याची नजर मला या गोष्टीमुळे आली. तूही बुधवारच्या नेटला एकदा तसं बघ.

दुसरी गोष्ट पूना क्लबच्याच मैदानावरची. डिसेंबर १९४८, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला फक्त नऊ रन कमी, महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठेवाडच्या कप्तानाने पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडून दिला. आपण सगळे निंबाळकरांसाठी हळहळतो आणि ते रास्तच आहे, नऊ रन काढू द्यायला काय जात होतं? तरी ८२६ रन होईपर्यंत बॉल आणायला धावणारे ते गडी कोणाला आठवत नाहीत. रणजीत ठीक आहे, तिथे तो खेळाचा भाग. तू रविवारी सकाळी भाड्याच्या मैदानावर कोणाला एवढं पळवू नकोस. पुढच्या महिन्यात तुला त्यांच्याशीच मॅच घ्यायची आहे.

पैशाचं थोडक्यात. मॅचगणिक पैसे गोळा करू नकोस. न येणाऱ्याचे कोणी भरायचे यावरून जी धुसफूस होते तिला अंत नाही. ग्राउंड, बॉल आणि पाणी यांचा तीन महिन्यांचा अंदाज काढ, वर्गणी आधी घे, आणि हिशेब ग्रुपवर उघडा ठेव. शिकणारा किंवा नोकरी गेलेला कोणी असेल तर त्याची वर्गणी तू आणि खजिनदार मिळून गुपचूप कमी करा, ग्रुपवर चर्चा नको. माणसं चौदा-पंधराच घे. अठरा घेतलीस तर दर रविवारी सात जण नाराज होतील. गुरुवारी रात्रीपर्यंत कोण येणार ते कळवायचं, आणि मागच्या वेळी बाहेर बसलेला या वेळी आधी आत.

तुमच्यातले निम्मे टेनिस बॉलवर वाढलेत, आता चामड्याचा कडक सीझन बॉल खेळणार. दीडशे ग्रॅमहून जड बॉल आहे तो. हेल्मेट आणि एल-गार्ड (जांघेचं कवच) नसलेल्याला क्रीजवर पाठवू नकोस, मग तो कितीही फुशारक्या मारो. मॅटिंगवर, म्हणजे पिचवर अंथरलेल्या चटईवर, बॉल अपेक्षेपेक्षा जास्त उसळतो आणि टेनिसची आडवी बॅट पहिल्या दोन मॅचमध्ये सगळ्यांना बाद करेल. त्याबद्दल कोणाला बोलू नकोस. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांनी पहिल्याच रविवारी जोर लावून रन-अप घेतला की मांडीचा मागचा स्नायू जातो, म्हणून निदान तीन आठवडे आधी नेट सुरू करा. नवी बॅट कोणी घेतली असेल तर कच्चं जवसाचं तेल हलक्या हाताने लावून, लाकडी हातोडीने कडा नीट ठोकून मगच नव्या बॉलला दाखवायची. आणि हिवाळ्यात सकाळी सातला आउटफिल्ड दवाने ओली असते. टॉस जिंकलास तर आधी बॅटिंग घे, ओल्या बॉलने स्पिन टाकण्याची शिक्षा समोरच्यांना होऊ दे.

कप्तान म्हणून तू स्वतः कितव्या नंबरवर जाणार, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाहीस. पहिल्या मॅचला दहाव्यावर जा. फाइन लेगलाही तूच उभा राहा. तिथून फिल्डिंग लावता येत नाही असं कोणी म्हणालं तर आवाज मोठा आहे तुझा, काम भागेल.

स्टंपांचा एक जादा सेट आणि दोन जुने कीपिंग ग्लोव्ह्ज माझ्याकडे माळ्यावर पडून आहेत. शनिवारी दुपारी चारनंतर ये आणि घेऊन जा. येताना खजिनदारालाही आण, वर्गणीचं त्याच्याशी मी बोलतो.

तुझा,
काका