जेटीवरच्या प्रसंगात रेडिओवर जुनं कोळीगीत कसं वाजवावं?

शूटिंगच्या वेळी गाणं वाजवूच नका. मालवण जेटीवर वारा आणि होड्यांची इंजिनं आधीच संवाद खातात. त्यात गाणं मिसळलं, की प्रत्येक कटला ओळ तुटते. संवाद कोरे घ्या, गाणं एडिटिंगमध्ये घाला. रेडिओचा भास हवा तर साधारण ३०० हर्ट्झखालचा आणि ३,५०० हर्ट्झवरचा आवाज फिल्टरने कापा, मोनो (एकाच चॅनलवर) ठेवा. होडी सुटली की फिल्टर काढून तेच गाणं भरून सोडा. प्रसंग तिथेच चढतो. (एकदाच हं, दुसऱ्यांदा क्लृप्ती उघडी पडते.)

परवानग्या मात्र दोन: ध्वनिमुद्रणाची आणि शब्द-चालीची. ‘मी डोलकर’ घेतलंत तर गीतकार शांता शेळके २००२ मध्ये गेल्या, म्हणजे शब्दांवरचा हक्क त्यानंतर साठ वर्षं, २०६२ अखेरपर्यंत. गावातल्या गायकाकडून नव्याने गाऊन घेतलं तरी दुसरी परवानगी टळत नाही.