फेविकॉनला मराठीत काय म्हणायचं, आणि 'फेरफार' चालेल का?

प्रश्न असा आहे की एका वाचनालयाच्या साइटवर सूचना टाकायचीय, ब्राउजरच्या टॅबवर नावाच्या आधी जे इवलंसं चित्र असतं ते बदललंय आणि रंग, फॉन्ट, मेनूची जागा असं थोडंफार इकडचं तिकडे झालंय, तर 'फेविकॉन'ला मराठी शब्द कुठला आणि बाकीच्या बदलांना 'फेरफार' म्हटलं तर चालेल का.

आधी फेविकॉन. फेव्हरिट्स आणि आयकॉन जोडून हा शब्द झालाय. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये हे चित्र पहिल्यांदा आलं तेव्हा टॅबचा प्रश्नच नव्हता, त्या ब्राउजरला टॅब नव्हतेच, साइट 'फेव्हरिट्स'मध्ये साठवली की त्या यादीत नावाशेजारी हे चित्र दिसायचं. नेटस्केप ह्या तेव्हाच्या दुसऱ्या ब्राउजरवाले अशाच यादीला बुकमार्क्स म्हणायचे आणि बुकमार्कला आपल्याकडे वाचनखूण हा फार छान शब्द आधीपासून आहे, मराठी साइटींवर तो वापरातही आहे. म्हणजे ज्या यादीतून फेविकॉन जन्मला ती यादी मराठीत खुणांचीच. म्हणून माझं मत सरळ आहे, ह्याला 'साइटची खूण' म्हणा. 'खूण पटली' असं आपण बोलतो ना, हे चित्र तेवढंच काम करतं, वीस टॅब उघडे असले आणि एकाचंही नाव पूर्ण दिसत नसलं तरी आपला कुठला ते कळतं.

'बोधचिन्ह' मात्र नको, तो शब्द लोगोला द्या. दोन्ही एकच असतात असं नाही, आणि विकिपीडिया बघितलात तर लगेच कळेल, बोधचिन्ह म्हणजे कोड्याच्या तुकड्यांचा तो गोळा, पण टॅबवर फक्त डब्ल्यू. कारण मूळ माप १६ बाय १६ पिक्सेल, तेवढ्या जागेत गोळा म्हणजे नुसता राखाडी ठिपका दिसेल. (तुमची नवी खूण देवनागरी अक्षराची करणार असाल तर मात्रा, वेलांटी, जोडाक्षर टाळा, सोळातल्या एकदोन ओळी शिरोरेषाच खाते, वर मात्रा आली की खाली अक्षराला जागा उरत नाही. नुसता 'म' किंवा 'व' छान उठून दिसतो.) 'मुद्रा'ही कुणीतरी सुचवेल, पण मुद्रा म्हटलं की आपल्याला शिवरायांची राजमुद्रा आठवते, आणि मुद्रा उमटली की मजकूर खरा असं त्यात येतं. फेविकॉन तशी कसलीच हमी देत नाही! पूर्वी तो अ‍ॅड्रेस बारमध्ये दिसायचा तेव्हा कुठलीही साइट कुलपाचं चित्र लावून आपण सुरक्षित असल्याचा भास निर्माण करू शकायची, म्हणूनच २०१२ मध्ये फायरफॉक्सने तो तिथून काढून फक्त टॅबवर ठेवला.

इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तरी माझी हरकत नाही. उच्चार इंग्रजीत फॅव आणि फेव दोन्ही चालतात. आपल्या नेहमीच्या पद्धतीने 'फेव्हिकॉन' व्हायला हवं, पण फेविकॉल डोळ्यात इतका बसलाय की लोक 'फेविकॉन'च लिहितात, राहू द्या. तो फेविकॉन, फेविकॉनचा, फेविकॉनवर.

आता 'फेरफार'. हा शब्द ह्या सूचनेत अजिबात नको. मुळात तो साधा शब्द, पण आज 'कागदपत्रांत फेरफार' असं वाचलं की काहीतरी लबाडी झाली असंच वाटतं, आणि गावाकडच्या माणसाला तर फेरफार म्हणजे तलाठ्याकडची नोंद, सातबाऱ्यावर नाव चढवायचं किंवा कमी करायचं ते. 'डागडुजी' म्हणजे काहीतरी मोडलं होतं, तुमचं काही मोडलेलं नाही. 'रंगरंगोटी'त वरवरचं, आतलं झाकण्यापुरतं असा वास येतो, आणि 'नूतनीकरण' म्हटलं तर लोक सगळं नवं शोधत बसतील आणि मेनू दोन बोटं सरकलेला बघून हिरमुसतील. 'किरकोळ बदल' हेच बरोबर, पण नुसतं तेवढंच लिहून थांबू नका, काय बदललं ते सांगा, रोज येणाऱ्या वाचकाला तेच हवं असतं.

अजून एक, ब्राउजर ही खूण साठवून ठेवतो आणि लवकर सोडत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना काही दिवस जुनीच दिसेल. साइट सांभाळणाऱ्याने फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा लावला तर बहुतेक वेळा नवी येते, पण वाचकांनाही आधीच सांगितलेलं बरं. मी सूचना अशी लिहीन:

"आपल्या साइटची खूण, म्हणजे टॅबवरचं छोटं चित्र, बदलली आहे. रंग आणि फॉन्टमध्ये किरकोळ बदल केले आहेत, मेनू आता वरच्या बाजूला आहे. टॅबवर अजून जुनीच खूण दिसत असेल तर काळजी नको, थोड्या दिवसांत नवी दिसू लागेल."