विंडोज सुरूच होत नाहीये, इन्स्टॉलेशन डिस्क आहे, फॉरमॅट न करता दुरुस्त होईल का?

हो, होईल. तुम्ही लिहिलंय की विंडोज ७ आहे, काळ्या स्क्रीनवर 'बूटएमजीआर इज मिसिंग' येतं, दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायचं म्हणतोय आणि आत घरच्यांचे सगळे फोटो आहेत. तर आधी फॉरमॅटला स्पष्ट नाही म्हणा. या मेसेजचा अर्थ एवढाच की विंडोज सुरू करून देणारी एक छोटी फाइल कॉम्प्युटरला सापडत नाहीये, त्यावरून फोटो गेले असं अजिबात होत नाही, ते बहुतेक जिथल्या तिथेच असतील.

सगळ्यात आधी पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क वगैरे काही लावलेलं असेल तर काढा आणि पुन्हा चालू करून बघा, कारण कधीकधी कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसतो आणि हाच मेसेज देतो.

तरी नाही झालं तर डिस्क टाका, रीस्टार्ट करा आणि बूट मेनूची की दाबा (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते), डीव्हीडी ड्राइव्ह निवडा. मग 'प्रेस एनी की' असं काहीतरी दिसेल, ते काही सेकंदच राहतं, लगेच कुठलीही की दाबायची. भाषेची स्क्रीन आली की नेक्स्ट. आता मधोमध 'इन्स्टॉल नाऊ' असं मोठं बटण दिसेल, त्याला हात लावायचा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' लिहिलेलं असतं, आपलं काम तिथे आहे. पुढे तुमची विंडोज यादीत दिसेल, आणि यादी रिकामी असली तरी घाबरू नका, नेक्स्ट करा.

मग जे पर्याय दिसतात त्यात बहुतेक लोक लगेच स्टार्टअप रिपेअरवर (विंडोजची आपोआप होणारी दुरुस्ती) क्लिक करतात पण माझं मत आहे की पहिले फोटो बाहेर काढा, मग दुरुस्ती. बाहेरची हार्ड डिस्क आता लावा, त्याच पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून कमांड द्यायची काळी खिडकी) उघडा आणि 'नोटपॅड' असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड खरंच उघडतं! त्यात फाइल मेनूतून ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि त्या छोट्या खिडकीतूनच फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. किती कॉपी झालं ते दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, पण आत काम चालू असतं, थांबून राहा. आणि इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, विंडोज ७ मध्ये साधारण १०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन (हार्ड डिस्कचा वेगळा केलेला भाग) असतं, ते इथे सी होतं आणि तुमचं नेहमीचं सी ड्राइव्ह डी म्हणून दिसतं, त्यामुळे सी रिकामं दिसलं तर सगळं गेलं असं समजू नका. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे काहीच करू नका, बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

फोटो निघाले की स्टार्टअप रिपेअर चालवा. एकदा करून थांबू नका, दोन-तीनदा चालवावं लागतं कारण एका फेरीत तो सगळ्या गोष्टी दुरुस्त करेलच असं नाही. तरी अडलं तर परत कमांड प्रॉम्प्ट आणि एकेक करून 'बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर', मग 'स्लॅश फिक्सबूट', मग 'स्लॅश रीबिल्डबीसीडी' (इंग्रजी अक्षरात टाइप करायचं, bootrec /fixmbr, bootrec /fixboot, bootrec /rebuildbcd असं, प्रत्येक वेळी बूटरेकनंतर एक स्पेस). शेवटची कमांड सापडलेली विंडोज यादीत घेऊ का विचारते, वाय दाबा. त्याच हार्ड डिस्कवर लिनक्सही (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) टाकलेलं असेल तर फिक्सएमबीआरने त्याचा बूट मेनू पुसला जातो, हे आधी लक्षात घ्या. चेकडिस्क, म्हणजे 'सीएचकेडीएसके' आणि पुढे ड्राइव्हचं अक्षर व 'स्लॅश आर', ही मी कायम फोटो काढल्यानंतरच करायला सांगतो कारण ती अख्खी डिस्क वाचते आणि डिस्क आधीच कमजोर असेल तर तो ताण तिला झेपत नाही.

इन्स्टॉलेशन डिस्क दुसऱ्या कोणाची असली तरी चालते, होम की प्रोफेशनल याने या दुरुस्तीला फरक पडत नाही, पण ३२ बिट आणि ६४ बिट जुळलं पाहिजे, नाहीतर ही आवृत्ती जुळत नाही असा मेसेज येऊन तिथेच अडतं.

एक गैरसमज अजून खूप दिसतो. एक्सपीच्या काळात डिस्कवरून बूट करून आर दाबलं की विंडोज स्वतःवरच पुन्हा बसायची आणि प्रोग्राम तसेच राहायचे. व्हिस्टापासून, म्हणजे विंडोज ७ मध्येही, हे डिस्कवरून बूट करून होत नाही, आधी विंडोज सुरू व्हावी लागते, मग आतूनच डिस्कवरचं सेटअप चालवून 'अपग्रेड' निवडायचं. त्याला मात्र तीच एडिशन (होम, प्रोफेशनल वगैरे) लागते आणि तुमच्याकडे सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा अपडेट) असेल तर डिस्कही सर्व्हिस पॅक १ वाली लागते.

आणि अगदीच काही चाललं नाही, नवीन विंडोज टाकायचीच वेळ आली, तरी 'कस्टम' मध्ये जाऊन जुनं पार्टिशन फक्त निवडा, फॉरमॅट किंवा डिलीट दाबू नका. मग जुन्या फाइल्स सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, त्यातल्या 'युजर्स' मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असेल. प्रोग्राम मात्र नव्याने टाकावे लागतील. आणि टाकायचीच असेल तर विंडोज ७ परत टाकू नका, तिचे सिक्युरिटी अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, मशीनला झेपेल ती नवी सिस्टीम टाका. त्याआधी स्टार्टअप रिपेअर काय म्हणतो ते इथे जसंच्या तसं लिहा, मी बघतो.