कॉन्सुलेटच्या कार्डावर गाडीचा इन्शुरन्स मिळतो का?

या वेळी दोन पत्रं आलीत, एक कोथरूडहून आणि एक कोंढव्याहून. अडचण जवळपास एकच आहे, फक्त एकीतली गाडी अमेरिकेत आहे आणि दुसरीतली आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, म्हणून दोन्ही एकत्र घेतली.

प्रश्न : मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात. जावई नोकरीच्या व्हिसावर आणि मुलगी डिपेंडंट, त्यामुळे तिला सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा तिथला सरकारी नंबर) नाहीये. तिच्यासाठी एक जुनी टोयोटा घ्यायचं चाललंय. शेजारचे मेक्सिकन गृहस्थ म्हणाले की मी आमच्या कॉन्सुलेटच्या कार्डावरच इन्शुरन्स काढला, तुम्हीपण तुमच्या कॉन्सुलेटमधून तसं कार्ड आणा. लायसन तिचं अजून पुण्याचंच आहे. काय करावं? — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, शेजारी खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांची गरज वेगळी आणि तुमच्या मुलीची वेगळी. ते ज्या कार्डाबद्दल बोलतायत त्याला मात्रिकुला कॉन्सुलार म्हणतात, मेक्सिकोची कॉन्सुलेट्स ते आपल्या परदेशातल्या नागरिकांना १८७१ पासून देतायत. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि अमेरिकेतला पत्ता असतो, व्हिसाबद्दल मात्र एक अक्षर नसतं. आणि इन्शुरन्स कंपनीला तेवढं पुरतं, कारण ती काही इमिग्रेशनचं ऑफिस नाही, तिला बघायचं असतं की माणूस कोण, गाडी रात्री कुठे उभी असते आणि चालवणार कोण. म्हणून तिथल्या बऱ्याच कंपन्या ते कार्ड चालवून घेतात, सगळ्या नाही.

तुमच्या मुलीकडे पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, घराचा करार आहे, मग तिने कार्डाच्या मागे कशाला लागायचं? पासपोर्ट त्या कार्डापेक्षा कधीही वरचढ. सोशल सिक्युरिटी नंबरचं म्हणाल तर फॉर्ममध्ये तो रकाना असतो म्हणून लोक घाबरतात, पण कंपन्या तो मुख्यतः क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीची उधारी कशी फेडली ते, बघायला मागतात आणि कॅलिफोर्नियात गाडीच्या प्रीमियमसाठी क्रेडिट स्कोअर वापरायलाच बंदी आहे. तिथे १९८८ साली लोकांनी मतदान करून प्रस्ताव १०३ पास केला, तेव्हापासून आधी बघायचं ते ड्रायव्हिंगचं रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल चालवता आणि किती वर्षं चालवताय. उद्या जावयांची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर हे सगळं परत विचारावं लागेल, तिकडे इन्शुरन्सचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले.

खरी अडचण लायसनची आहे, आणि त्याबद्दल तुम्ही अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय! कॅलिफोर्नियात नुसतं फिरायला आलेल्या माणसाला घरचं लायसन चालतं, पण एकदा तिथे राहायला लागलात की १० दिवसांत तिथलं लायसन घ्यायचा नियम आहे. म्हणजे मुलीने आधी तिथल्या डीएमव्हीत, म्हणजे त्यांच्या आरटीओत, लेखी परीक्षा आणि गाडीची टेस्ट द्यावी. पुण्याचं लायसन फेकून देऊ नये, किती वर्षं चालवतेय हे दाखवायला ते जवळ असावं, कंपनी धरेल न धरेल पण विचारायला काय जातंय. शेजाऱ्यांसारख्या लोकांसाठी तिथे २०१५ पासून एबी ६० नावाचा कायदा लागू आहे, त्यात व्हिसा नसला तरी लायसन मिळतं आणि त्यासाठी चालणाऱ्या ओळखीच्या कागदांत मेक्सिकोचं हे कार्ड आहे. तुमच्या मुलीला त्या वाटेने जायचं कारण नाही.

अजून एक, जुन्या गाडीला कायद्यापुरतं मिनिमम कव्हर घेऊन सुटायचा मोह होईल. १ जानेवारी २०२५ पासून तिथलं मिनिमम वाढलंय, एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांना मिळून ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेला १५ हजार. आकडे मोठे वाटतात, पण तिथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ३० हजार बघता बघता संपतात. थोडं जास्तीचं घ्यायला सांगा.

प्रश्न : माझ्या कोंढव्यातल्या फ्लॅटमध्ये एक परदेशी विद्यार्थी भाड्याने राहतो, मुलगा चांगला आहे. त्याला माझी जुनी वॅगनआर विकत हवीय. त्याच्याकडे त्यांच्या कॉन्सुलेटचं फोटोवालं कार्ड आहे. एजंट म्हणतो यावर इन्शुरन्स नावावर व्हायला वेळ लागेल, तुम्ही पैसे घ्या, किल्ली द्या, पॉलिसी सध्या तुमच्याच नावावर राहू दे, आरसीचं नंतर बघू. — एक निवृत्त वाचक, कोंढवा

उत्तर : काका, किल्ली अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर आजच्या आज बोलावून घ्या.

आधी कार्डाचं सांगतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून कुठलीही नवीन पॉलिसी काढताना केवायसी लागतं, गाडीचीसुद्धा. कॉन्सुलेटचं कार्ड हा केवायसीत ओळखीचा मुख्य कागद होत नाही, परदेशी माणसाचा मुख्य कागद पासपोर्ट. पण कार्ड अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही, पासपोर्टवर पत्ता नसेल तर परदेशी नागरिकाचा पत्ता म्हणून त्याच्या देशाच्या सरकारी खात्याचा कागद किंवा इथल्या वकिलातीचं पत्र चालतं असं मनी लाँडरिंगच्या नियमांतच लिहिलंय. शिवाय तुमचा भाडेकरार आहे. त्याच्याकडे पॅन नसेल तर फॉर्म ६० भरता येतो. म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा कागद एवढं जमवलं की काम होतं, एजंट सांगतो तेवढं अवघड काही नाहीये, त्याला फक्त घाई आहे. (तो राहायला आला तेव्हा तुम्ही त्याची सरकारकडे नोंद, पूर्वी जिला फॉर्म सी म्हणायचे ती, केली होतीत ना? परदेशी माणूस घरात ठेवला की २४ तासांत ती माहिती द्यायची असते आणि ती जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही. राहिलं असेल तर गाडीच्या आधी ते करा.)

आता "आरसीचं नंतर बघू" या वाक्याकडे या. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्या केसमध्ये गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली जात राहिली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. तुमच्या बाबतीत वर आणि पोराकडे इथे चालणारं लायसन नसेल तर कंपनी जखमी माणसाला पैसे देईल आणि मग ते तुमच्याकडून वसूल करायला येईल, तसं ती करू शकते. पोरगा शिक्षण संपवून मायदेशी गेलेला असेल आणि नोटीस येईल कोंढव्याला.

म्हणून लायसन आधी बघा. त्याच्या देशाचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असेल तर ते आणि त्याची मुदत तपासा. नसेल तर पासपोर्ट, व्हिसा दाखवून पुणे आरटीओतून लर्निंग आणि ३० दिवसांनी टेस्ट देऊन पक्कं लायसन त्याला मिळू शकतं. आणि लायसन नसेल तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हरही त्याला मिळणार नाही.

व्यवहाराच्या दिवशीच फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्मवर, सह्या करा. विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सह्या करून एजंटच्या फाइलमध्ये ठेवल्या की झालं असं समजू नका, अर्ज परिवहनच्या साइटवर चढला की त्याची पावती स्वतःकडे घ्या. पॉलिसी त्याच्या नावावर करून घ्यायलाही त्याच्या हातात १४ दिवसच असतात. थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं, गाडीबरोबर आपोआप जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर नाव बदलल्याशिवाय जात नाही, ठोकली तर त्याला एक रुपया मिळणार नाही आणि तुम्हालाही नाही, कारण तुमची ती गाडीच उरलेली नसते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मात्र तुमचा, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, ३ वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर कामाला येईल. पोराला नव्या पॉलिसीत बोनस शून्यापासून सुरू करावा लागेल आणि प्रीमियम थोडा जास्त बसेल, ते त्याला आधीच सांगा, नाहीतर तो तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कापायला बसेल.